वेग रॉकेटचा, धडा पट्ट्याचा

बीड जिल्ह्याच्या हद्दीला खेटून, जामखेड तालुक्यात खर्ड्याचा किल्ला आहे. 11 मार्च 1795 रोजी इथे मराठे आणि निजाम यांची गाठ पडली. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बाजूने निजामाच्या फौजेवर बाणांचा वर्षाव झाल्याचे वर्णन ग्रँट डफच्या इतिहासात आहे. हे बाण धनुष्याचे नव्हेत. लोखंडी नळीत दारू ठासायची, नळी लांब काठीला बांधायची, वात पेटवायची आणि शत्रूच्या दिशेने सोडून द्यायची. म्हणजे सरळसरळ रॉकेट.

या बाणाचे गुण आणि दोष रॉकेटला आजही चिकटलेले आहेत. रॉकेट जळायला लागणारा ऑक्सिजन सोबतच नेते, त्यामुळे छोट्या नळीतून क्षणात प्रचंड रेटा मिळतो. पण दारूचे रॉकेट एकदा पेटले की आवरत नाही, आणि सुटल्यावर त्याला वळवणेही अवघड. असे यंत्र चाकांवर बसवावे आणि त्यात माणूस बसवावा, ही कल्पना जर्मनीत फ्रिट्झ फॉन ओपेलने प्रत्यक्षात आणली. 23 मे 1928 रोजी बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर 24 दारूची रॉकेटे पाठीमागे लावलेली त्याची गाडी ताशी सुमारे 238 किलोमीटर वेगाने धावली. या उद्योगात त्याचा सोबती असलेला माक्स वालियर दोनच वर्षांनी द्रवइंधनाच्या इंजिनाची चाचणी घेताना स्फोटात मरण पावला.

पुढे द्रवइंधनामुळे रॉकेट काहीसे हुकमात आले. 23 ऑक्टोबर 1970 रोजी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर गॅरी गॅबलिचने ‘ब्लू फ्लेम’ गाडी एका किलोमीटरच्या टप्प्यात ताशी 1,014 किलोमीटरने पळवली. इंधन होते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि द्रवरूप नैसर्गिक वायू. जमिनीवर ताशी हजार किलोमीटर ओलांडणारी ही पहिली मोटारगाडी. 1983 मध्ये रिचर्ड नोबलच्या जेट इंजिनाच्या गाडीने तिचा एका मैलाच्या टप्प्यातला विक्रम मोडला. 15 ऑक्टोबर 1997 रोजी अँडी ग्रीन या वैमानिकाने ‘थ्रस्ट एसएससी’ ही दोन जेट इंजिनांची गाडी ताशी 1,228 किलोमीटरने चालवून जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडला. तो विक्रम अजून अबाधित आहे. 1997 मध्ये बीडकर अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेची वाट पाहत होते. रेल्वेगाडी बीडपर्यंत पोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी.

वेगाचा विक्रम मान्य व्हायला एक धाव पुरत नाही. मोजलेल्या अंतरावर एकदा जायचे, तासाभराच्या आत उलट दिशेने परत यायचे आणि दोन्ही धावांची सरासरी काढायची, म्हणजे वाऱ्याचा फुकटचा फायदा वजा होतो. तासाभरात गाडी तपासून, पुन्हा इंधन भरून उभी करावी लागते. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट आणि तो मोडायला लागणारी शक्ती आठपट. रॉकेट किंवा जेट इतकी शक्ती देऊ शकते. गाडे अडते ते चाकांपाशी आणि जमिनीपाशी.

चाकांचे पाहा. ‘ब्लडहाउंड’ या ब्रिटिश गाडीचे उद्दिष्ट ताशी 1,600 किलोमीटरच्या पुढचे होते. त्या वेगाला तिचे 90 सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला सुमारे 10,000 फेरे घेणार. तेव्हा कडेवरच्या एक ग्रॅम धातूवर जवळपास 50 किलो वजनाइतकी ओढ पडते. रबराचा टायर तिथे चिंध्या होऊन उडेल, म्हणून चाके भरीव अ‍ॅल्युमिनियमची केली. भर उन्हात, कमी हवेच्या टायरवर समृद्धी महामार्गावरून सुसाट निघालेल्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

आता जमीन. दक्षिण आफ्रिकेतल्या हॅक्सकीन पॅन या कोरड्या तलावाच्या पात्रात ब्लडहाउंडसाठी धावपट्टी तयार झाली. तिथल्या मियर समाजाच्या 317 जणांनी 16,500 टन दगड हातांनी वेचून बाजूला केले. रोजगार हमीवर ज्यांनी दगड वेचलेत त्यांना या आकड्याचे वजन कळेल. नोव्हेंबर 2019 मध्ये त्या पट्टीवर गाडीने ताशी 1,010 किलोमीटर गाठले, तेही फक्त जेट इंजिनावर. तिच्यावर चढवायचे रॉकेट पैशाअभावी राहूनच गेले.

कोरडे तलाव आपल्याकडे का चालत नाहीत? 2016 च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले होते, पात्र मैलोन्मैल उघडे होते. पण आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, भेगाळते. उन्हाळ्यात त्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. बालाघाटाच्या माथ्यावर गेलो तर मुरूम आणि दगडगोटे. बॉनव्हिलला हिवाळ्यात मिठावर उथळ पाणी साचते आणि ते आटले की मैदान पुन्हा सपाट, टणक होते. विक्रमाची जमीन निसर्गानेच घडवावी लागते.

तरीही या साऱ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची धाव मोटारीची नव्हतीच. 10 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत जॉन स्टॅप हा हवाई दलातला डॉक्टर रुळांवरच्या रॉकेटगाड्यावर स्वतःला पट्ट्यांनी करकचून बांधून बसला. नऊ रॉकेटे पेटली, पाच सेकंदांत वेग ताशी 1,017 किलोमीटर झाला आणि पाण्याच्या ब्रेकने गाडा दीड सेकंदाच्या आत थांबला. क्षणभर त्याच्या अंगावर वजनाच्या 46 पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण तो वाचला. नीट बांधलेला माणूस केवढा धक्का सोसू शकतो हे त्याने स्वतःच्या शरीरावर दाखवले आणि पुढे मोटारींत पट्टे सक्तीचे व्हावेत म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला.

असा रॉकेटगाडा भारतातही आहे. चंडीगडच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत चार किलोमीटरच्या रुळांवर तो पळवतात. डिसेंबर 2025 मध्ये तिथे तेजस विमानाचा पुढचा भाग रॉकेटांनी ताशी 800 किलोमीटरवर नेऊन वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाची चाचणी झाली. आत बसवला होता पुतळा.

आपल्या रस्त्यावरचे गणित यापेक्षा सोपे आहे. ताशी 60 किलोमीटरची धडक म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडणे. गाडीचा पुढचा भाग चेपत पट्ट्याने बांधलेला माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर वजनाच्या सुमारे 28 पट भार येतो. हा भार स्टॅपने सोसलेल्यापेक्षा कमी आहे. पट्टा नसेल तर शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि समोरच्या सीटवर पाचेक सेंटिमीटरमध्ये थांबते. भार होतो 280 पट. यकृत, मणके, मेंदू यांना तो सोसत नाही. मागे बसलेल्यालाही हाच नियम लागू आहे.

बीडला हे वेगळे सांगायला नको. 3 जून 2014 रोजी दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले बीडचे नेते गोपीनाथ मुंडे धडकेत गेले. मागचा पट्टा लावला असता तर ते वाचू शकले असते, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन जाहीरपणे म्हणाले होते. ऑगस्ट 2022 मध्ये बीडहून मुंबईला निघालेले नेते विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले. एवढे होऊनही मांजरसुंब्याच्या हॉटेलापुढे उभ्या गाड्यांत डोकावून पाहा. मागचे पट्टे सीट कव्हरखाली दडपलेले, आणि पुढच्या खाचेत बीप बंद करायची नुसती क्लिप. पट्टा न लावल्यास दंड आहे, पण केवळ तो वाचवायला पट्टा लावू नका. आजच सीट कव्हर उचला, मागचे पट्टे बाहेर काढा आणि पुढच्या प्रवासाला घरातल्या सगळ्यांनी ते लावल्याशिवाय गाडी सुरू करू नका.