वेळ की नंबर?

३० जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत पुरी केली. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला, पण अंतिम फेरीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तेव्हाचा नियम असा होता: प्रत्येक हीटमधले पहिले तीन थेट आत, आणि उरलेल्यांतले सर्वांत वेगवान सहा. अविनाश त्याच्या हीटमध्ये सातवा आला आणि बाहेर राहिलेल्यांत सर्वांत वेगवान ठरला. तिसऱ्या हीटचा विजेता, मोरोक्कोचा सूफियान एल बक्काली, त्याच्याहून सावकाश पळाला होता. पुढे सुवर्णपदक त्यानेच नेलं.

त्याच्या पाच वर्षं आधी रिओ ऑलिंपिकमध्ये याच नियमाने आपल्याला हात दिला होता. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तिच्या हीटमध्ये चौथी आली, म्हणजे थेट प्रवेश हुकला. पण ९:१९.७६ ही वेळ, तीही राष्ट्रीय विक्रमाची, तिला आत घेऊन गेली. अंतिम फेरीत ती दहावी आली.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाशचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची ड्यूटी केली आणि पळण्याकडे उशिराच वळला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८:२९.८० वेळ दिली तेव्हा गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. सदतीस वर्षं तो कुणाच्या हाती लागला नव्हता! त्यानंतर अविनाश आपलाच आकडा खाली आणत गेला.

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि जागचा हलत नाही. पाय लागला तर पडायचं आपण. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेक जण लाकडी दांड्यावर एक पाय रोवून पुढे झेप घेतात. खड्डा दांड्यापाशी खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो, म्हणून झेप जितकी लांब तितकं पाणी कमी. घोळक्यात मात्र पुढच्याच्या पाठीमुळे दांडा अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. पाऊल मोजायला वेळच मिळत नाही.

माझ्या मते अविनाशची खरी अडचण इथेच होती. देशात त्याच्या खांद्याला खांदा लावून पळणारं कुणी नाही. देशातल्या शर्यतीत तो एकटा पुढे निघतो आणि घड्याळाशी पळतो. जगात पंधरा जणांच्या कोपरांमधून वाट काढावी लागते. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेच्या हीटमध्ये त्याची वाट अडली होती, आणि भारताचं अपील मान्य झालं म्हणून तो अंतिम फेरीत पळाला. तिथे ८:२१.३७ देऊन त्याने ऑलिंपिकची ८:२२ ही पात्रता वेळ गाठली.

२०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत नियमच बदलला. वेळेवरची जागा बंद झाली, प्रत्येक हीटमधले फक्त पहिले पाच आत. अविनाश सातवा आला आणि बाहेर पडला. नियम कठोर आहे, पण मला तो पटतो. रेषा ओलांडताच आपलं काय झालं ते कळतं, दुसऱ्यांच्या हीटकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

पॅरिस ऑलिंपिकच्या हीटमध्ये तो सुरुवातीलाच पुढे गेला, मग घोळक्याने त्याला गाठलं. शेवटच्या फेरीत अमेरिकेचा मॅथ्यू विल्किन्सन मागे होता आणि प्रश्न पाचव्या जागेचा होता. अविनाशने ती सोडली नाही. ८:१५.४३, नंबर पाचवा. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. महिनाभर आधी याच शहरातल्या डायमंड लीगमध्ये त्याने ८:०९.९१ दिले होते.

अंतिम फेरीत तो ८:१४.१८ मध्ये अकरावा आला. कांस्य केनियाच्या अब्राहम किबिवोटला मिळालं, ८:०६.४७. त्याच्या दोन वर्षं आधी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण याच किबिवोटचं होतं आणि रौप्य अविनाशचं. तेव्हा दोघांत अंतर होतं ०.०५ सेकंदाचं.