फटफटीच्या नंबराची पाटी

आता गावोगाव फटफट्या झाल्या आहेत. दूध डेअरीला घालायचे असो, पोराला तालुक्याच्या शाळेत सोडायचे असो, की पाहुण्याला एस.टी.च्या थांब्यावर पोचवायचे असो, फटफटी काढली की निघाले. तिला कोणी मोटारसायकल म्हणते, कोणी बाईक म्हणते, बरेच जण नुसते गाडी म्हणतात. आम्ही आपले फटफटीच म्हणू.

तालुक्याच्या नाक्यावर पोलीस उभा असतो. तो हात करतो. गाडीवाला थांबतो. लायसन आहे, विमा आहे, डोक्यावर हेल्मेटही आहे. तरी दंड होतो. गाडीवाला विचारतो, "साहेब, माझे चुकले काय?" साहेब म्हणतात, "तुझ्या पाटीकडे बघ." गाडीवाला पाटीकडे बघतो. पाटी तर आहे! मग दंड कसला? त्याला वाटते, पैसे काढायला पोलिसांनी हे निमित्त केले.

तसे नेहमी नसते. पाटी असणे ही एक गोष्ट. ती नियमाप्रमाणे असणे ही दुसरी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे ३९ वे कलम सांगते की, गाडीची नोंदणी झालेली पाहिजे आणि तिचा नंबर ठरवून दिलेल्या रीतीने गाडीवर दिसला पाहिजे. ही रीत कोणती, ते १९८९ च्या नियमांत दिले आहे. नियम ५० आणि ५१ पाटीचे आहेत. ते आपण सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी नंबर वाचायचा कसा ते पाहू. महाराष्ट्रातल्या गाडीवर पहिली दोन इंग्रजी अक्षरे असतात, एम आणि एच. ही महाराष्ट्राची खूण. पुढे दोन आकडे असतात. ते नोंदणी कचेरीचे, म्हणजे आर.टी.ओ.चे. ११ म्हणजे सातारा, ०९ म्हणजे कोल्हापूर, १३ म्हणजे सोलापूर, ३१ म्हणजे नागपूर. त्यानंतर एकदोन अक्षरे आणि शेवटी चार आकडे. सगळे मिळून जो नंबर होतो, तो साऱ्या देशात एकाच गाडीचा. माणसांत एका नावाची दहा माणसे सापडतील. गाड्यांत तसे चालत नाही.

ही अक्षरे इंग्रजीच पाहिजेत आणि आकडेही इंग्रजी वळणाचेच पाहिजेत, असा नियम आहे. इथे पुष्कळांना राग येतो. आम्हालाही लोक विचारतात, "आम्ही आता मराठी लिहायला वाचायला शिकलो. आमच्या गाडीवर आमच्या भाषेतला आकडा का नको?" प्रश्न रास्त आहे. पण एक गंमत पाहा. आपला मराठी १ लांबून कसा दिसतो? इंग्रजी नवासारखा! आणि आपला ४? तो इंग्रजी आठासारखा! समजा, एका गाडीच्या नंबरात मराठीत १४ लिहिले आहे. ती गाडी कर्नाटकात गेली. तिथला शिपाई ते अठ्ठ्याण्णव वाचील. रस्त्यावरचा कॅमेराही तसेच वाचील. मग अठ्ठ्याण्णववाल्या भलत्याच माणसाच्या घरी दंड जाईल. त्या बिचाऱ्याने काय केले? गाडी राज्याच्या हद्दीबाहेर जाते, म्हणून नंबर सर्वांना एकसारखा वाचता आला पाहिजे. आणि हे आकडे साहेबाच्या देशातले आहेत असे तरी कशाला समजायचे? ते मूळचे भारतातलेच. इथून अरबांकडे गेले आणि अरबांकडून युरोपात पोचले. वळण तेवढे बदलले.

म्हणून ज्यांना इंग्रजी आकडे अजून ओळखता येत नाहीत, त्यांनी ते दहा आकडे शिकून घ्यावेत. एक आठवडाही लागणार नाही. आपल्या गाडीचा नंबर आपल्याला वाचता आला नाही, तर दंडाचा कागद आपला की दुसऱ्याचा, हे कळणार कसे?

आता हौसेची पाटी. आकडे असे वळवून काढतात की त्यांचा शब्द व्हावा. दोनशे चौदाचे 'राम' करतात. दोनाचा र, एकाचा काना आणि चाराचा म! आठ हजार पंचावन्नचे 'बॉस' करतात. करणाऱ्याच्या डोक्याचे कौतुक वाटते, ते आम्ही नाकारत नाही. पण रामाचे नाव घ्यायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. त्या पाटीवरून नंबर कोणाला सांगता येत नाही, आणि नंबर सांगण्यासाठीच तर पाटी असते. पाटीवर नंबराशिवाय दुसरे काही चालत नाही. देवाचे चित्र नको, पुढाऱ्याचा फोटो नको, जातीचे नाव नको, 'पोलीस' नको आणि 'शेतकरी'ही नको.

अक्षरांची मापेही ठरलेली आहेत. मागच्या पाटीवरचे आकडे ४० मिलिमीटर, म्हणजे ४ सेंटिमीटर उंच असावेत. साधारण दोन बोटे धरा. अक्षरे साडेतीन सेंटिमीटर उंच. पुढच्या पाटीवर दोन्ही ३ सेंटिमीटर. मागची पाटी २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असते. तिच्यावर नंबर दोन ओळींत लिहितात. वरच्या ओळीत राज्य आणि कचेरी, खालच्या ओळीत बाकीचे. स्वतःच्या वापराच्या गाडीला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतात. विजेवर चालणाऱ्या गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी असतात.

जास्त दंड होतात ते पाटी कशी बसवली आहे यावरून. याकडे कोणाचे लक्ष नसते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पुढची पाटी हँडलला समांतर पाहिजे. म्हणजे समोरून येणाऱ्याला ती सरळ दिसली पाहिजे. काही जण ती काढून घरी ठेवतात, काही सीटखाली ठेवतात. पोलिसाने अडवले की काढून दाखवतात, "ही बघा पाटी!" सीटखालची पाटी रस्त्यावरच्या माणसाला कशी दिसावी? काही जण मागची पाटी वर दुमडतात, आभाळाकडे तोंड केलेली. हे कॅमेऱ्याला चुकवण्यासाठी असते. ते पोलिसालाही कळते, आणि तो दुरूनच ओळखतो.

पण सगळेच लबाडी करीत नाहीत. आपल्या रस्त्यांवर खड्डे आहेत. गाडी आदळते, मडगार्ड तडकते, पाटी लोंबू लागते. गाडीवाला ती तारेने बांधतो. तार आकड्यावरून जाते आणि तीनाचा आठ दिसतो. खड्डा रस्त्याचा आणि दंड गाडीवाल्याला, याचे आम्हालाही वाईट वाटते. तरी पाटी नीट करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. दुधाच्या किटल्या मागे दोन्ही बाजूंनी लोंबतात, त्यांनी पाटी झाकते. गवताचा भारा बांधला की गाडीच दिसत नाही, तर पाटी कुठली! पुढे लोखंडी गार्ड बसवतात, त्याची नळी नेमकी पाटीवरून जाते. चिखल बसतो, तो महिना महिना कोणी पुसत नाही. हे सर्व नंबर झाकण्यातच मोडते.

रात्रीची एक गोष्ट राहिली. मागच्या पाटीवर पांढरा उजेड पाडणारा छोटा दिवा असतो. त्या उजेडात नंबर मागून १५ मीटरवरून, म्हणजे सुमारे ५० फुटांवरून वाचता आला पाहिजे. हा दिवा जळून गेला तरी पुष्कळांना पत्ता नसतो. गडी मागे उभा करून एकदा पाहून घ्यावे.

आता नव्या पाटीबद्दल. १ एप्रिल २०१९ पासून ज्या गाड्या तयार झाल्या, त्यांना विकतानाच सुरक्षित पाटी मिळते. ती अल्युमिनियमची असते आणि अक्षरे उठावाची असतात. वर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राची चकचकीत खूण असते. खाली निळ्या रंगात आय, एन, डी ही अक्षरे असतात. एक बारीक नंबर लेसरने कोरलेला असतो. मागची पाटी अशा खिळ्याने बसवतात की तो एकदा काढला तर मोडतो, पुन्हा लागत नाही. त्यामुळे चोराला एका गाडीची पाटी दुसरीला लावणे अवघड जाते. त्या आधीच्या जुन्या गाड्यांनाही हीच पाटी लावावी, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती. लोकांची सोय होईना, म्हणून ती पुढे अनेकदा वाढवावी लागली. फटफटीच्या पाटीचा दर ४५० रुपये आणि त्यावर कर असा ठरवला गेला. पैसे भरायचे ते परिवहन खात्याने नेमलेल्या ठिकाणीच. खोट्या संकेतस्थळांवर पैसे गेलेले लोक आहेत. मोबाईलवर आलेल्या कोणत्याही दुव्यावर पैसे भरू नका. रंगाऱ्याच्या दुकानात तशीच दिसणारी पाटी मिळते, पण तिची सरकारी नोंद नसते. मोडली तर स्वतः भोके पाडून बसवू नका, नेमलेल्या केंद्रावरून बदलून घ्या. चोरीला गेली तर आधी पोलिसात तक्रार नोंदवा. तुमची पाटी लावून कोणी गुन्हा केला, तर ती तक्रारच तुमच्या कामी येईल.

दंड किती? ज्या चुकीला वेगळा दंड सांगितलेला नाही, तिला कायद्याचे १७७ वे कलम लागते. त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा झाली तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. ही रक्कम २०१९ साली वाढली. जागेवर किती भरून घ्यायचे ते राज्य सरकार ठरवते. नोंदणीच नसेल किंवा ३९ वे कलम मोडले असे धरले, तर १९२ वे कलम लागते. ते जड आहे. पहिल्याच वेळी किमान २,००० आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये. मजुरी करणाऱ्याची ती कित्येक दिवसांची कमाई झाली.

एवढ्याशा पत्र्याला सरकार इतके का जपते? समजा, एका बाईला संध्याकाळी रस्ता ओलांडताना गाडीने उडवले. गाडी पळाली. बाई दगावली. गाडीचा नंबर कोणालाच वाचता आला नाही. तर धडक देऊन पळालेल्या वाहनासाठी सरकारची जी योजना आहे, तिच्यातून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. माणूस जबर जखमी झाला तर ५० हजार. ही रक्कम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. पण नंबर कळला असता, तर गाडीचा मालक सापडला असता आणि विमा कंपनी सापडली असती. मग अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. तिथे मेलेल्या माणसाचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे, हे सर्व पाहून भरपाई ठरते. ती कितीतरी जास्त होऊ शकते. त्या पोरक्या पोरांचे शिक्षण त्या चार आकड्यांवर ठरते. वर दुमडलेली पाटी पाहिली की आम्हाला पाचशेचा दंड आठवत नाही, ती पोरे आठवतात.

आता दंडाच्या कागदाविषयी. हल्ली पोलीस हातातल्या यंत्राने गाडीचा फोटो घेतात. दंडाचा निरोप मोबाईलवर येतो. त्याला ई-चलान म्हणतात. आर.टी.ओ.त जो मोबाईल नंबर नोंदवला असेल, त्यावरच तो जातो. जुनी गाडी घेतली आणि नावावर केली नाही, तर निरोप पहिल्या मालकाला जातो. तो गप्प बसतो, आणि इकडे दंड साचत जातो. म्हणून गाडी नावावर करून घ्या आणि आपला मोबाईल नंबर तिथे नोंदवा. रोख पैसे दिले तर पावती घ्या. पावतीवाचून पैसे देऊ नका.

चलान आले की त्यातला फोटो उघडून पाहा. गाडी आपलीच आहे का? रंग तोच आहे का? त्या दिवशी आपण त्या गावी होतो का? नंबराचा एक एक आकडा बोट ठेवून जुळवा. जुळला नाही, तर पैसे भरू नका. फोटो आणि गाडीचे नोंदणी पुस्तक घेऊन वाहतूक पोलिसांच्या कचेरीत जा आणि लेखी तक्रार द्या. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.