वर्गणी काढून बघायची लढत

2 मे 2015 ची रात्र. न्यू जर्सीत एडिसनला एका मित्राच्या घराच्या तळघरात आम्ही चौदा जण जमलो होतो. टीव्हीशेजारी स्टीलचा डबा ठेवला होता आणि येईल त्याने त्यात सात डॉलर टाकायचे होते. तिकडे लास व्हेगासला फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ हे मुष्टियोद्धे रिंगमध्ये उतरणार होते. ही लढत घरबसल्या एचडीत बघायची किंमत होती 99 डॉलर 95 सेंट. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. वरचे दोन यजमानाने घातले.

मागणी इतकी उसळली की केबलवाल्यांच्या यंत्रणांना ती पेलेना, म्हणून मुख्य लढत लांबवावी लागली. मध्यरात्रीच्या सुमारास घंटा वाजली तेव्हा बटाटेवडे गार झाले होते आणि पोरं सोफ्यावर झोपली होती. मग तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या, म्हणजे छत्तीस मिनिटं. मेवेदर शिताफीने ठोसे चुकवत राहिला, गुण गोळा करत राहिला आणि तिन्ही पंचांच्या मते जिंकला. कोणी कोसळलं नाही. 'एवढ्यासाठी शंभर डॉलर?' असं कोणीतरी म्हणालंच.

हा प्रश्न मी गेली अनेक वर्षं डोक्यात घोळवतो आहे. भारतात आपण महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीत सगळे खेळ बघतो. एका रात्रीच्या एका कार्यक्रमासाठी वेगळे पैसे भरायचे, ही पे-पर-व्ह्यूची कल्पनाच आपल्याकडे रुजली नाही. अमेरिकेत मात्र मोठं बॉक्सिंग याच पैशांवर उभं राहिलं. मेवेदर-पॅकियाओ लढत एकट्या अमेरिकेत 46 लाख घरांनी विकत घेतली आणि 40 कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. त्यातला मोठा वाटा केबल आणि उपग्रह कंपन्यांनी घेतला. उरलेल्यातून प्रवर्तकांचा हिस्सा आणि मुष्टियोद्ध्यांचं मानधन निघालं. दोघांमधली वाटणी 60-40 अशी आधीच ठरली होती.

मोल मिनिटांवर काढलं तर हा सौदा कधीच परवडत नाही. 1988 मध्ये माइक टायसनने मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवलं. 1995 मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर पीटर मॅकनीलीशी झालेली त्याची लढत 89 सेकंदांत आटोपली. 1997 मध्ये जवळपास 20 लाख घरांनी 50 डॉलर भरले, आणि टायसनने प्रतिस्पर्धी होलिफील्डच्या कानाचा लचका तोडल्यामुळे तिसऱ्या फेरीनंतर सारंच थांबलं. पण मोल मिनिटांवर काढायचं नसतं, हे कुस्तीच्या मैदानात बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घिस्सा डाव बसून पहिल्याच मिनिटाला पाठ लागली तर कोणी पैसे परत मागत नाही, उलट वर्षभर तीच कुस्ती सांगत बसतात.

पॅकियाओच्या वेळी काही प्रेक्षक कोर्टातही गेले. लढतीआधीच त्याचा उजवा खांदा दुखावला होता आणि ते आपल्यापासून लपवलं, अशी त्यांची तक्रार होती. 2019 मध्ये अपिलातही ते हरले. प्रेक्षकाने पैसे मोजले ते लढत बघण्यासाठी आणि ती त्याला पूर्ण बघायला मिळाली, असा न्यायालयाचा सूर होता. कायद्याने ते बरोबर असेल. पण जायबंदी माणूस धडधाकट म्हणून समोर उभा केला गेला, हा सल माझ्या मनातून अजून जात नाही.

माझ्या मते किमतीचं खरं गणित खोलीतल्या माणसांत आहे. 1971 मध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर पहिल्यांदा भिडले, तेव्हा लोकांनी सिनेमागृहांत आणि सभागृहांत तिकीट काढून पडद्यावर ती लढत पाहिली. पुढे केबलने तोच खेळ घराघरांत नेला, पण किंमत माणशी न ठेवता घरामागे ठेवली. बारमालकाकडून मात्र त्याच्या जागेत किती माणसं मावतात ते बघून पैसे घेतले जात. म्हणजे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की हा माल घोळक्याने बघायचा आहे. जत्रेतल्या कुस्त्यांना गाव वर्गणी काढतं, तसाच आमचा तो स्टीलचा डबा. एकट्याने शंभर डॉलर देणं मला कधीच पटलं नाही. माणशी सात डॉलर, सोबत खालच्या जोड्यांच्या लढती, आणि दोन तास रंगलेला वाद? ते मात्र मी केव्हाही देईन.

पडदा हातातल्या फोनवर आला तसं हे गणित मोडलं. त्याच 2015 च्या रात्री लोकांनी आपल्या टीव्हीसमोर फोन धरून लढत पेरिस्कोप नावाच्या अ‍ॅपवर फुकट दाखवली. एकेकटा बघणारा शंभर डॉलर का भरेल? मिश्र युद्धकलेची संस्था यूएफसी 1993 मध्ये डेन्व्हरला सुरू झाली, तीच मुळी पे-पर-व्ह्यूवर. अलीकडे तिच्या एकेका कार्यक्रमाची किंमत 80 डॉलरवर गेली होती. ऑगस्ट 2025 मध्ये तिने पॅरामाउंटशी सात वर्षांचा 770 कोटी डॉलरचा करार जाहीर केला, आणि 2026 पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तिच्या लढती नेहमीच्या वर्गणीतच मिळू लागल्या. सप्टेंबर 2025 मधली कनेलो आल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची बॉक्सिंगमधली मोठी लढतही नेटफ्लिक्सच्या वर्गणीत बघता आली.

प्रेक्षकाच्या खिशाला हे नक्कीच बरं, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी आहे ती लढणाऱ्यांची. बड्या खेळाडूंना विक्रीच्या आकड्यावर हिस्सा मिळायचा. आता घरांची मोजणीच नसेल, तर अंगावर ठोसे झेलणाऱ्याने आपला वाटा कशावरून मागायचा, याचं स्पष्ट उत्तर मिळायला हवं.

क्रॉफर्डची ती लढत आम्ही चौदापैकी अकरा जणांनी पाहिली, आपापल्या घरी. प्रत्येकाचं चित्र काही सेकंदांनी मागेपुढे होतं. मी अजून निकालाची वाट बघत होतो आणि ग्रुपवर मेसेज येऊन पडला, 'जिंकला रे क्रॉफर्ड!'