इणसुत्त आणि घरातील तरुणाचे कर्ज

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात इणसुत्त नावाचे एक लहानसे सुत्त आहे. 'इण' म्हणजे ऋण. संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख आहे, येथपासून भगवान बुद्ध आरंभ करतात आणि एकेक पायरी उलगडून दाखवितात. दरिद्री माणूस कर्ज काढतो, हे इणादान. कर्जापाठोपाठ व्याज कबूल करावे लागते, ती वड्ढि. व्याज वेळेवर पोचले नाही की तगादा लागतो, ती चोदना. तरीही पैसे दिले नाहीत तर धनकोची माणसे पाठीस लागतात, ती अनुचरिया. शेवटी येते ते बंधन. दारिद्र्यासह या सहाही अवस्थांना भगवंतांनी दुःख म्हटले आहे.

या सुत्ताचा उत्तरार्ध मात्र फारसा चर्चिला जात नाही. तेथे हाच क्रम शीलाला लावलेला आहे. दुराचरण हे कर्ज घेण्यासारखे आहे, असे सांगून झाल्यावर व्याज कशाला म्हणावे, याचे उत्तर येते. केलेले कृत्य इतरांना कळू नये म्हणून माणूस जी लपवाछपवी करतो, तिलाच तेथे व्याजाची उपमा दिली आहे. ही उपमा उलट दिशेने वाचली तर आजच्या घराघरांतील एक प्रश्न उलगडतो. घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी कर्जात सापडते, तेव्हा मुद्दलापेक्षा लपविण्याचीच किंमत जास्त पडते. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरे, आणि हे सारे घरी कळू नये म्हणून. अशा वेळी मामा, काका, आत्या वा मोठ्या भावंडांनी काय करावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भगवान बुद्धांनी कर्ज काढणे हेच पाप ठरविलेले नाही. दीघ निकायातील सामञ्ञफलसुत्तात कर्ज काढून धंदा करणाऱ्या, धंद्यात यश आल्यावर जुने ऋण फेडून उरलेल्या पैशात पत्नीचे पोषण करणाऱ्या माणसाच्या आनंदाचा दृष्टान्त आहे. म्हणून मुलाला 'कर्ज काढलेसच का?' असा प्रश्न न करता 'कर्ज कशासाठी काढले आणि ते फेडण्याचा मार्ग कोणता?' असे विचारावे. शिक्षणासाठी, अवजारांसाठी, रिक्षासाठी घेतलेले कर्ज आणि हौसेच्या खरेदीसाठी घेतलेले कर्ज यांत फरक आहे. पहिले कमाई वाढवू शकते; दुसरे पुढच्या महिन्याची कमाई आजच खर्च करते.

बोलते करणे

कर्ज उघडकीस आले की घरात बहुधा दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे संताप. दुसरी म्हणजे अब्रूच्या भीतीने दागिने मोडून सारे कर्ज एकदम फेडून टाकणे. पहिलीने मुलगा अधिक लपवू लागतो. दुसरीने कर्ज फिटते, पण सवय तशीच राहते. शिवाय पुष्कळदा मुलाने अर्धेच आकडे सांगितलेले असतात. या दोहोंच्या मध्ये कल्याणमित्राचे काम आहे. व्यग्घपज्जसुत्तात कोलिय दीघजाणूला भगवंतांनी ऐहिक हितासाठी चार गोष्टी सांगितल्या: उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि समजीविता. पैशाच्या उपदेशात मित्रतेला स्थान आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणात मोबाइलवरील कर्ज-ॲपवाल्यांच्या छळानंतर तरुणांच्या आत्महत्या घडल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०२१ मध्ये या व्यवहारांसाठी कार्यगट नेमावा लागला. रक्कम पुढे फेडता येते, गेलेला जीव परत येत नाही. म्हणून मुलाला सांगायचे पहिले वाक्य असे असावे: 'तू आमचाच आहेस. सगळे सांग, हिशोब आपण मिळून करू.'

यादी आणि अग्रक्रम

त्यानंतर वहीत यादी करावी. कोणाकडून, किती मुद्दल, व्याजाचा दर काय, आजवर किती दिले, तारण वा जामीनदार कोण, कोरे धनादेश किंवा सही केलेले कोरे कागद कोणाकडे आहेत, हे सर्व लिहावे. बँका व वित्तसंस्थांची कर्जे पडताळण्यासाठी पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. विसरलेले किंवा न सांगितलेले कर्ज त्यात दिसते. खाजगी उसनवारी मात्र त्यात नसते. ती विचारूनच कळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, भाच्याचे वेतन १९,००० रुपये आहे आणि घरभाडे, किराणा, प्रवास धरून अत्यावश्यक खर्च १२,००० आहे. उरतात ७,०००. क्रेडिट कार्डाचे ५०,००० देणे असून त्यावर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे सालीना ४२ टक्के व्याज आहे. गल्लीतील सावकाराचे २०,००० आहेत, दरमहा शेकडा पाच दराने. मोबाइलचा हप्ता १,५०० आहे आणि मित्राचे १०,००० बिनव्याजी आहेत. कार्डावर किमान भरणा २,५०० केला, तर त्यातील १,७५० व्याजातच जातात. मुद्दल फक्त ७५० रुपयांनी कमी होते. सावकाराला महिन्याला १,००० दिले तर ते निव्वळ व्याज आहे. वीस महिन्यांत वीस हजार देऊनही वीस हजार देणे शिल्लकच राहते.

म्हणून सर्वांना थोडेथोडे देणे म्हणजे फेड नव्हे. कार्डाचा किमान भरणा २,५००, मोबाइलचे १,५०० आणि मित्राला ५०० असे ४,५०० देऊन उरलेले २,५०० सर्वांत महाग कर्जाकडे, म्हणजे सावकाराकडे वळवावेत. मामाने सोबत जाऊन व्याज थांबविण्याची बोलणी केली आणि ती मान्य झाली, तर आठ हप्त्यांत मुद्दल फिटते. ते २,५०० मग कार्डाकडे वळतात. मित्राला पाचशेच का होईना, पण नियमित द्यावेत. तेथे व्याज नसले तरी विश्वास गुंतलेला आहे. कार्ड मात्र पहिल्याच दिवशी वापरातून काढावे.

धनकोशी बोलताना

धनकोला टाळणे हा सर्वांत महाग उपाय होय. हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेकडे लेखी अर्ज करून मुदत वाढवून किंवा हप्ता कमी करून मागता येतो. बोलण्यास मुलानेच जावे, वडीलधाऱ्याने सोबत असावे. त्याचे बोलणे आपण हिरावून घेऊ नये. जमेल तेवढीच रक्कम कबूल करावी. फोनवर ठरलेले कागदावर मागावे, प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी आणि फेड पूर्ण होताच 'देणे बाकी नाही' असा दाखला व कोरे धनादेश परत घ्यावेत. तडजोडीने कमी रकमेत खाते मिटविल्यास पतअहवालात तशी नोंद राहते व पुढील कर्जास अडचण येऊ शकते, हे आधी समजून घ्यावे.

कर्ज देणे लागतो म्हणून माणसाचा मान गहाण पडत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास, धमकावण्यास, तसेच नातेवाईक व मित्र यांना त्रास देण्यास मनाई केली. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्ज-ॲपला मोबाइलमधील संपर्कयादी व छायाचित्रे पाहण्यास बंदी घातली. बँक वा वित्तसंस्था तक्रारीला तीस दिवसांत उत्तर देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. छायाचित्रे विद्रूप करून बदनामीची धमकी येत असेल, तर तो फौजदारी गुन्हा आहे. पुरावे न पुसता पोलिसांच्या सायबर विभागाकडे जावे. भीतीपोटी आणखी पैसे पाठवू नयेत.

खाजगी सावकाराच्या बाबतीत महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दरमहा शेकडा पाच हा दर शासनाने ठरविलेल्या दरांत कोठेही बसत नाही. अशी तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. सावकाराने बेकायदा बळकाविलेली जमीन परत मिळविण्याचीही तरतूद या अधिनियमात आहे.

न परतविलेले कर्ज हा सामान्यतः दिवाणी प्रश्न आहे, तुरुंगाचा नव्हे. दिवाणी जप्तीतही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची अवजारे यांना संरक्षण आहे. मात्र धनादेश न वटल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास खटला होऊ शकतो. म्हणून आलेली नोटीस न वाचता ठेवू नये.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून अनेक जण गप्प बसतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाल्यामुळे हा हक्क आपल्या समाजालाही मिळाला आहे. तालुका वा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. दाव्यापूर्वीची तडजोड लोकअदालतीतही होऊ शकते.

मदतीची मर्यादा

नातेवाइकाने एक गोष्ट विसरू नये. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'नुसती सही कर' असे कधी नसते. सही केली नसेल, तर सज्ञान भाच्याच्या कर्जासाठी धनको मामाकडे वसुली मागू शकत नाही. केली असेल, तर पहिला तगादाही मामालाच लागू शकतो. म्हणून जे गेले तरी आपला संसार चालेल, तेवढेच द्यावे. ते शक्यतो मुलाच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावे आणि देणगी की उसने, हे आधीच स्पष्ट करावे. कर्ज फेडण्यासाठी स्वतः कर्ज काढले, तर एका घरातील चोदना दोन घरांत पोचते.

कर्ज सरले तरी काम संपत नाही. सिगालोवादसुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. १९,००० रुपयांच्या वेतनात ही विभागणी जशीच्या तशी बसणार नाही. पण चौथा भाग शून्य नसावा, हा त्यातील बोध आहे. महिन्याला दोनशे रुपयांपासून आरंभ झाला तरी पुढच्या आजारपणात सावकाराच्या दारात जाण्याची वेळ टळू शकते. व्यग्घपज्जसुत्तातील समजीविता हीच: ताजवा धरणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय यांवर नजर ठेवणे.

अनाथपिण्डिकाला सांगितलेल्या चार गृहस्थसुखांत अनणसुखाचा उल्लेख आहे. थोडे किंवा फार, कोणाचेही देणे नाही या जाणिवेचे ते सुख. त्याच्याही वर अनवज्जसुख, निर्दोष आचरणाचे सुख, ठेवलेले आहे. भाच्याने वहीत खरा आकडा लिहिला, त्या दिवशी त्याचे एक रुपयाचेही देणे फिटलेले नसते. पण लपविण्याचे व्याज त्या दिवसापासून थांबते, आणि आता उरले ते मुद्दलच. ते हप्त्याहप्त्याने फिटते.