नट गावात येतो तेव्हा...
झाडीपट्टीत चाहत्यांचा हंगाम भाऊबीजेला सुरू होतो आणि होळीला संपतो

भंडारा / प्रतिनिधी

आवडत्या नटाच्या चित्रपटाचा पहिला खेळ गाठणे, तो शहरात आल्याची कुणकुण लागताच चित्रपटगृहाबाहेर तासन्‌तास ताटकळणे, त्याच्या प्रत्येक जाहीर कार्यक्रमाचा माग ठेवणे, हा छंद महानगरांची मिरास समजला जातो. चित्रपटाचा प्रीमियर मुंबईत होतो, फार तर पुण्यात. तारेतारका प्रसिद्धीच्या दौऱ्यावर निघाल्या, तरी विदर्भात त्यांची मजल बहुधा नागपूरपर्यंतच जाते. तेथून जेमतेम साठ किलोमीटर अंतरावर असलेल्या भंडाऱ्याच्या वाट्याला येतो तो पडद्यावरचा नट. तरीही लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी या पट्ट्यातील चाहता स्वतःला उपेक्षित मानत नाही. कारण वर्षातील चार-साडेचार महिने चित्रपटातला नट त्याच्याच परिसरात मुक्कामाला येतो आणि मंडपातल्या रंगमंचावर पहाटेपर्यंत त्याच्यासमोर उभा राहतो. ही किमया झाडीपट्टी रंगभूमीची आहे. ती कशी घडते, तिची किंमत कोण मोजतो आणि तिच्यातून चाहत्याच्या हाती नेमके काय लागते, हे समजून घेण्याजोगे आहे.

निमंत्रितांचा सोहळा, तिकिटाचा सोहळा

प्रीमियर हा मुळात निमंत्रितांचा सोहळा. निर्माता आणि वितरक तो भरवतात. चित्रपटसृष्टीतील मंडळी, प्रायोजक आणि पत्रकार यांना आत प्रवेश असतो. सामान्य चाहत्याची जागा कठड्याबाहेर. गाडीतून उतरणारा नट त्याला काही क्षण दिसतो, हात हलवतो आणि आत नाहीसा होतो. एवढ्या दर्शनासाठी ग्रामीण भागातील तरुणाने नागपूर गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते आणि परतीची शेवटची एसटी चुकण्याची धास्ती वेगळीच.

झाडीपट्टीत हा व्यवहार उलटा होतो. येथे नट तिकिटावर पाहायला मिळतो. ज्याने तिकीट काढले तो आत गेला. त्यासाठी ओळख लागत नाही की निमंत्रणपत्रिका लागत नाही. शिवाय दर्शन क्षणभराचे नसते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. पडद्यावर ज्याला खलनायक म्हणून शिव्याशाप दिले किंवा नायक म्हणून डोक्यावर घेतले, तो माणूस पंधरा-वीस हातांवर उभा राहून घाम पुसताना दिसतो, त्याचा आवाज कानावर पडतो. शहरी चाहत्याला ही जवळीक क्वचितच लाभते.

धान, मंडई आणि नाटक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. गोंदिया १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी तोही भंडाऱ्याचाच भाग होता. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांतून येथील रंगभूमी आकाराला आली. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासात आयुष्य वेचले, म्हणून या परंपरेचा आलेख आज उपलब्ध आहे. शंभराहून अधिक वर्षांची ही रंगभूमी शासकीय अनुदानाच्या आधारावर नव्हे, तर तिकीटविक्रीवर उभी आहे, हे तिचे वैशिष्ट्य. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा अर्थात देसाईगंज हे नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुका त्याला जवळचा असल्याने जिल्ह्यातील गावे या व्यवसायाशी घट्ट जोडलेली आहेत.

हंगामाची सांगड धानाशी आहे. हलके धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येते, भारी धान त्यानंतर. घरात धान्य आणि हातात थोडा पैसा आला, की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकीची बोलणी होतात. दिवसा मंडई किंवा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, आणि रात्री नाटक. पाहुण्याला नाटक दाखवल्याशिवाय पाठवणे कमीपणाचे मानले जाते. त्यामुळे प्रेक्षक आयता जमलेला असतो. होळीच्या सुमारास हंगाम आटोपतो.

मंडई आणि पट यांच्याशी असलेल्या या नात्यामुळे त्यांवर आलेले संकट नाटकावरही येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यतींना चाप बसला आणि पटाच्या निमित्ताने होणाऱ्या प्रयोगांचा आधार गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्राला शर्यती भरवण्याची सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवल्यानंतर हा आधार परत मिळाला. मधल्या काळात करोनाने २०२०-२१ च्या हंगामाला जबर तडाखा दिला. हातावर पोट असलेले कलावंत, वादक आणि मंडपवाले त्या वर्षी अन्य रोजगाराच्या शोधात पांगले.

‘सिनेस्टार’चे अर्थकारण

नाटकाचा व्यवहार सरळ आहे. गावातील उत्सव मंडळ किंवा तरुणांचे मंडळ नाट्यमंडळाशी ठरावीक रकमेचा करार करते आणि आगाऊ रक्कम देऊन तारीख पक्की करते. नाट्यमंडळ कलावंत, नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनियंत्रणा घेऊन येते. तिकिटाचे उत्पन्न गावाच्या मंडळाचे. नफा झाला तर तो मंदिर, शाळा, सभामंडप अशा सार्वजनिक कामाला लावण्याची प्रथा अनेक गावांत आहे. तोटा झाला तर वर्गणीतून किंवा पदाधिकाऱ्यांच्या खिशातून तो भरून निघतो.

या व्यवहारात चित्रपट आणि मालिकांतील नट शिरला तो स्पर्धेपोटी. एकाच रात्री शेजारच्या दोन-तीन गावांत नाटके असली, की प्रेक्षक विभागला जातो. त्याला आपल्याकडे खेचण्याचा हमखास उपाय म्हणजे पत्रकावर ‘सिनेस्टार’ असा ठळक उल्लेख. मोहन जोशी यांच्यासारख्या नामवंतांनीही या रंगभूमीवर हजेरी लावली आहे. छोट्या पडद्यावरील मालिका घरोघरी पोहोचल्यापासून मालिकांतील चेहऱ्यांनाही मागणी आली.

मात्र, नटाचे मानधन आले की करारची रक्कम वाढते. रक्कम वाढली की तिकीट वाढते. जोखीम अखेर गावाच्या मंडळावर येऊन पडते. अवकाळी पावसाची एक सर मंडप रिकामा करू शकते. दुसरीकडे स्थानिक कलावंताची खंत असते की, हंगामभर नाटक तो ओढतो आणि पत्रकावरचे मोठे छायाचित्र मात्र पाहुण्या नटाचे असते. ही तक्रार निराधार नाही. पाहुण्या नटाला तालमीस फारसा वेळ मिळत नाही. प्रॉम्प्टरच्या आधाराने आणि सहकलावंतांच्या सांभाळून घेण्याने त्याची भूमिका तरून जाते. नाट्यमंडळांचे म्हणणेही दुर्लक्षिता येत नाही. सिनेस्टारच्या नावावर मंडप भरला, तरच उरलेल्या वीस-पंचवीस जणांच्या पोटाची सोय होते, असे ते सांगतात.

चाहता नटाच्या मागे कसा फिरतो?

चित्रपटाचा चाहता शुक्रवारची वाट पाहतो. झाडीपट्टीचा चाहता पत्रकाची. एसटी थांब्यावर, पानठेल्यावर, किराणा दुकानाच्या भिंतीवर पत्रके लागतात. ध्वनिक्षेपक लावलेली वाहने गावोगाव फिरतात. कोणता नट कोणत्या मंडळात आहे, आज त्याचा प्रयोग साकोलीकडे आहे की पवनीकडे, याचे वेळापत्रक चाहत्यांना तोंडपाठ असते. पूर्वी हा प्रवास बैलबंडीने होई. आता दुचाकीने होतो. पत्रकांची जागा बऱ्याच अंशी मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी घेतली आहे. एकच नाटक दोन-तीन गावांत पाहणारे रसिक येथे नवलाचे नाहीत. कोणत्या गावी नटाने कोणता संवाद वाढवला, कोठे त्याला दाद मिळाली आणि कोठे तो फसला, याची चर्चा पुढे कित्येक दिवस चुरणीच्या खळ्यावर चालते.

या चाहत्याची पारखही कडक असते. नाव मोठे आणि काम ओढूनताणून केलेले, असे दिसले तर मंडपात चुळबुळ सुरू होते. केवळ चेहरा दाखवून निघून जाणाऱ्या नटाला पुढच्या हंगामात मागणी राहत नाही. उलट, जो झाडीबोलीतले चार शब्द शिकतो, प्रयोगानंतर थांबून लोकांशी बोलतो, त्याचे नाव वर्षानुवर्षे निघते.

घरचे तारेही कमी नाहीत

मराठी चित्रपटसृष्टीला या साऱ्याची सवय नवी नाही. दादा कोंडके हे ‘विच्छा माझी पुरी करा’ या वसंत सबनीसांच्या लोकनाट्यातून महाराष्ट्रभर पोहोचले आणि मगच १९७१ च्या ‘सोंगाड्या’ने पडद्यावर राज्य करू लागले. रंगमंचावर जोडलेला चाहता त्यांच्या मागोमाग चित्रपटगृहात गेला. झाडीपट्टीत चाहता पडद्याकडून मंडपाकडे येतो, एवढाच फरक. मात्र, मंडपात आल्यावर तो घरच्या कलावंताच्याही प्रेमात पडतो. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ ही पदवी प्रेक्षकांनीच बहाल केली. हजारो प्रयोगांतून प्रेक्षकांना हसवणाऱ्या खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले, तेव्हा झाडीपट्टीच्या गावागावांत आनंद साजरा झाला. तृशांत इंगळे दिग्दर्शित ‘झॉलीवूड’ हा या रंगभूमीवरील चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला आणि मंडपातील जग पडद्यावर पोहोचले.

गर्दीचे भान

चाहत्याच्या प्रेमाला एक काळी किनारही आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहात ‘पुष्पा २’च्या प्रीमियरच्या वेळी नट अल्लू अर्जुन तेथे आल्यावर चेंगराचेंगरी झाली. तीत एका महिलेचा मृत्यू झाला आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूतील करूर येथे नट आणि राजकीय नेते विजय यांच्या सभेत ४१ जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी गर्दीला नट पाहायचा होता. जागा अपुरी होती आणि बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद.

झाडीपट्टीचा प्रेक्षक बहुतांशी जमिनीवर बसतो, कुटुंबासह येतो आणि सकाळपर्यंत घाई करत नाही. त्यामुळे येथील गर्दी स्वभावाने शांत असते. पण सिनेस्टारच्या नावाने आसपासच्या गावांतून तरुणांचे जथे येऊ लागले, की कापडी कनातींनी बंद केलेला मंडप अपुरा पडतो. प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी ठेवणे, मंडपाच्या क्षमतेइतकीच तिकिटे विकणे, विजेच्या तारा आणि जनरेटर प्रेक्षकांपासून दूर ठेवणे, नटाला रंगमंचामागून स्वतंत्र वाटेने आणणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. प्रश्न केवळ आधी ठरवण्याचा आहे.

आवाजाचा प्रश्न वेगळा. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला हे वेळापत्रक जुळत नाही. म्हणून परवानगीचा प्रश्न दर हंगामात डोके वर काढतो आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. परंपरा आणि कायदा यांतून वाट काढण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.

तिकीट काढण्यापूर्वी

पत्रकावर नाव आहे म्हणून नट येईलच, याची हमी नसते. चित्रीकरण, आजार किंवा मानधनाचा वाद यांमुळे ऐनवेळी बदल होऊ शकतो. अशा वेळी बदल आधी जाहीर करणे हे आयोजकांचे कर्तव्य ठरते. न येणाऱ्या नटाचे नाव छापून तिकिटे विकणे ही दिशाभूल करणारी जाहिरात असून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तिच्याविरुद्ध दाद मागता येते. त्यासाठी तिकीट आणि पत्रक जपून ठेवणे एवढेच प्रेक्षकाच्या हाती आहे, आणि तेवढे पुरेसेही आहे. दूरवरून रात्री दुचाकीने येणाऱ्यांनी पहाटेचे धुके आणि डोळ्यांवरची झोप यांचा हिशेब ठेवावा. नाटक संपल्यावर उजाडेपर्यंत गावातच थांबण्याची जुन्या लोकांची रीत शहाणपणाची होती.

शहरी वाचकाला या चार महिन्यांचा अनुभव घ्यायचा असेल, तर दिवाळीनंतर भंडारा ओलांडून पूर्वेकडे निघावे. साकोली किंवा लाखांदूरच्या थांब्यावर एखादे ताजे पत्रक हमखास सापडेल. त्यावरील मोठ्या छायाचित्रातील नट कदाचित ओळखीचा असेल. त्याच्या खाली बारीक अक्षरांत छापलेली पाच-पंचवीस नावे मात्र अनोळखी असतील. रात्र सरेपर्यंत मंडप धरून ठेवतात ती हीच मंडळी. तिकिटाचे पैसे कोणाच्या कामामुळे वसूल झाले, हे पहाट होईस्तोवर प्रेक्षकाला कळून चुकलेले असते.