खानखोजे, पांडुरंग सदाशिव
मेक्सिकोत स्थायिक झालेले व तेथील शेतीविषयक कार्याबद्दल गौरविले गेलेले भारतीय क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ. मूळचे वर्ध्याचे. अमेरिकेतील ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले. १९१३ मध्ये गदर पक्षाच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे मायदेशाची वाट बंद असल्याने १९२४ मध्ये ते मेक्सिकोस गेले.

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक होते. मका हे मेक्सिकन जनतेचे मुख्य अन्न. त्याच्या सुधारित वाणांवर, तसेच अवर्षण व रोग यांस टिकणाऱ्या गव्हावर त्यांनी संशोधन केले. शेतकऱ्यांकरिता त्यांनी काढलेल्या मोफत कृषिशाळांचे महत्त्व याहूनही अधिक मानावे लागेल. चित्रकार द्येगो रिव्हेरा यांचा या शाळांना पाठिंबा होता. शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील रिव्हेरांच्या १९२८ च्या सुमाराच्या भित्तिचित्रात मेजाच्या मध्यभागी बसून पाव मोडणारी व्यक्ती खानखोजे असल्याचे मानतात. सरकारी भिंतीवर एका परदेशी शिक्षकाला मिळालेले हे स्थान कोणत्याही पदकाहून बोलके आहे.

मायदेशाचा अनुभव वेगळा होता. १९४९ मध्ये मध्य प्रांताकडून निमंत्रण आले, तेव्हा ब्रिटिश अमदानीतील बंदी घातलेल्यांच्या यादीत नाव राहिल्याने त्यांना प्रथम व्हिसा नाकारण्यात आला. पुढे ते भारतात परतले व २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे निधन पावले. चापिंगो विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण २०२२ मध्ये भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले.