अमावास्येला गच्चीवर

अमावास्येच्या रात्री बाईमाणसाने उगाच बाहेर जाऊ नये, गच्चीवर तर मुळीच नाही, हे ऐकतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. मी आज नेमकं उलटं सांगणार आहे. मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढची अमावास्या शोधा. तिच्या आगेमागे चार-पाच दिवसांत एखाद्या रात्री, जेवणं आणि आवराआवर झाली की फोन किंवा कपाटात पडून असलेला जुना डिजिटल कॅमेरा घ्या आणि वर जा. कारण अगदी साधं आहे. चंद्र नसतो तेव्हा आकाश खरं काळं असतं, आणि ताऱ्यांचे फोटो काळ्या आकाशातच येतात.

‘त्याला मोठी दुर्बीण लागत असेल ना?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. नाही लागत. उलट माझं तर म्हणणं आहे, पहिलं वर्षभर दुर्बीण घेऊच नका. लागतो तो फक्त दहा-पंधरा सेकंद उजेड गोळा करू शकणारा कॅमेरा. आपला डोळा उजेड साठवून ठेवत नाही, कॅमेरा ठेवतो. पागोळीखाली भांडं ठेवावं आणि थेंब थेंब करत ते भरावं, तसं. त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत तेवढे तारेही फोटोत उमटतात. आजच्या बऱ्याच फोनमध्ये ‘प्रो’ किंवा ‘नाइट’ अशी सोय असते. जुन्या कॅमेऱ्यावर ‘एम’ हे अक्षर असेल तर काम झालंच.

आता दहा-पंधरा सेकंद कॅमेरा हातात धरला तर फोटोत ताऱ्यांच्या नुसत्या रेघोट्या येणार. तिपाई असेल तर उत्तम. नसेल तर कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरा, तोंड घट्ट बांधा, पिशवी कठड्यावर ठेवा आणि तिच्यात फोन रुतवून आकाशाकडे तोंड करून बसवा. अजिबात हलत नाही. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावायचा. फ्लॅश बंद. फोकस आपोआप नको, हाताने. फोनमध्ये डोंगराचं किंवा आडव्या आठाचं चिन्ह असतं तिथपर्यंत न्यायचा. आयएसओ १६००, भिंगाचं तोंड जास्तीत जास्त उघडं, आणि वेळ पंधरा सेकंद. सुरुवातीला एवढंच पुरे.

पंधराच का, मिनिटभर का नाही? कारण पृथ्वी फिरते. आकाश तासाला पंधरा अंश सरकताना दिसतं, म्हणून जास्त वेळ ठेवलं की ताऱ्याचा ठिपका न राहता तांदळाचा दाणा होतो. यासाठी एक ढोबळ हिशोब आहे: पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरने भागायचं. फोनचं मुख्य भिंग साधारण पंचवीस मिलिमीटरच्या तोडीचं असतं, म्हणजे वीस सेकंद ही मर्यादा. मोठ्या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या अठराच्या भिंगाला, आतला सेन्सर लहान असल्यामुळे, सत्तावीस धरावे लागतात. उत्तर येतं अठरा. झूम केलं की सेकंद भराभर कमी होतात.

पावसाळ्यात हे सगळं विसरायचं. आपल्याकडे दिवाळी ते होळी हा खरा हंगाम. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये बाणाचे तीन. फोटो काढा आणि मोठा करून बघा. काक्षी नारिंगी, राजन्य निळसर पांढरा! डोळ्यांना हे रंग जेमतेम जाणवतात, फोटोत स्पष्ट दिसतात. नारिंगी तारा निळसर ताऱ्यापेक्षा थंड असतो, एवढं त्या रंगावरून कळतं. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक छोटा धूसर, गुलाबीसर डाग दिसेल. तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. तो तेजोमेघ आहे, नवे तारे जिथे जन्माला येतात तो वायूचा आणि धुळीचा ढग. तिथून निघालेला उजेड आपल्या तांदळाच्या पिशवीपर्यंत यायला तेराशेहून जास्त वर्षं लागतात.

याच मृगात, बाणाच्या एका ताऱ्याजवळ, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा एक काळा ढग आहे. आपल्या साध्या कॅमेऱ्यात तो येणार नाही. पण तो पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला, ते ऐका. विल्यमिना फ्लेमिंग मूळची स्कॉटलंडमधल्या डंडीची. अमेरिकेत बोस्टनला आल्यावर ती गरोदर असतानाच नवरा सोडून गेला. पोटासाठी तिने घरकाम धरलं. ते घर होतं हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांचं. १८८१ मध्ये त्यांनी तिला वेधशाळेच्या कामावर घेतलं. आकाशाचे फोटो तेव्हा काचेच्या तबकड्यांवर काढत. त्या तबकड्या भिंगाखाली धरून तारा न् तारा तपासायचं काम तिच्याकडे आलं. १८८८ मध्ये अशाच एका तबकडीवर तिला तो घोड्याचं डोकं असलेला ढग सापडला. हजारो ताऱ्यांचं वर्गीकरण तिने केलं. तिथल्या बायकांना पगार पुरुषांपेक्षा कमी मिळे, आणि रात्री दुर्बिणीवर बसण्याचं काम मुख्यतः पुरुषांचं. बायकांनी दिवसा फोटो तपासायचे!

म्हणून मला गच्चीचं अप्रूप वाटतं. रात्री घराबाहेर एकटं उभं राहायला आपल्याला अजूनही कारण द्यावं लागतं. ‘वहिनी, इतक्या रात्री वर काय करताय?’ असं शेजारून विचारलं जाणारच. ‘फोटो काढतेय, या ना तुम्हीपण’ म्हणावं. माझा अनुभव असा, की एकदा कृत्तिकांचा झुपका दाखवला की विचारणारीच दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून हजर होते. मात्र गावाबाहेर माळावर जायचं तर दोघी-तिघींनी, बॅटरी घेऊन आणि पायात बूट घालूनच जावं. विंचू-काट्याचं भय खरं असतं. बॅटरीवर पतंगाचा लाल कागद बांधला की डोळे दिपत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात, आणि फोनच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती वाया जातात.

लहान गावात आपलं एक भाग्य आहे, उजेड कमी. पण तोही वाढतोय. चौकाचौकांत पांढरे एलईडी आलेत. अंधार जपण्यासाठी आता जागा राखून ठेवाव्या लागतात. आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. घरी तेवढं नाही, पण अंगणातल्या दिव्याला वरून झाकण तर घालता येतं.

चंद्राचं गणित वेगळं. त्याच्यावर ऊनच पडलेलं असतं, म्हणून दिवसासारखा फोटो काढायचा: आयएसओ १००, सेकंदाचा सव्वाशेवा भाग. आपोआप काढू दिलं तर पांढरी भाकरी येते. फोनवर चंद्रावर बोट टेकवून उजेड खाली ओढा. आणि पौर्णिमेपेक्षा शुद्ध अष्टमी बरी. ऊन तिरपं पडतं, विवरांच्या सावल्या लांब होतात. झूम असलेल्या जुन्या कॅमेऱ्यात त्या छान येतात. काही फोन चंद्रावरचे बारकावे स्वतःच भरून देतात. ते मला पटत नाही. आपला चंद्र धूसर आला तरी आपला असावा.

ग्रहणाचंही सांगते. ७ सप्टेंबर २०२५ ला रात्री अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत गेला होता, आणि कितीतरी घरांत गरोदर सुना तेव्हा दारं-खिडक्या लावून बसल्या. चंद्रग्रहण ही पृथ्वीची सावली आहे. ते उघड्या डोळ्यांनी बघितल्याने आईला किंवा बाळाला काही होत नाही. सूर्याचं मात्र तसं नाही. ग्रहण असो वा नसो, खास फिल्टरशिवाय कॅमेरा कधीही सूर्याकडे रोखू नका. सेन्सर जळतो, आणि कॅमेऱ्याच्या काचेतून डोळा लावला तर डोळाही जातो.

हात बसला की ध्रुवाकडे वळा. महाराष्ट्रात तो उत्तरेला क्षितिजापासून साधारण सोळा ते बावीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या तेवढ्या उंचीवर दिसतो. कॅमेरा तिकडे रोखा आणि वीस-वीस सेकंदांचे फोटो तासभर लागोपाठ घ्या. ‘स्टारस्टॅक्स’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, मुलांकडून संगणकावर घालून घ्या. तो सगळे फोटो एकत्र करतो, आणि ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या वर्तुळांची रांगोळी तयार होते. मधे दवाने भिंग धुरकटलं तर मऊ सुती कापडाने हलकेच टिपा, पदराने पुसू नका.

वहीत दर वेळी तारीख, तिथी, वेळ आणि सेकंद लिहून ठेवा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात, त्या दिवशी ही वही कामाला येईल. जेवणं त्या रात्री जरा लवकर उरका.